मैदान सुटल्यावर

सूरजागडच्या डोंगराखालच्या गावांत ‘मला वजन कमी करायचंय’ असं म्हणणारा पोट्टा पंधरा-वीस वर्षांपूर्वी शोधून सापडला नसता. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात वजनाचा विषय निघायचा तो अंगणवाडीच्या काट्यापाशी, आणि तोही ते कमी भरलं म्हणून. मोठ्यांची अंगं कामानं घडलेली. मार्च-एप्रिलात पहाटेपासून मोहफुलं वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, पावसाळ्यात वाकून रोवणी करायची. आठवडी बाजाराला जायचं तर पायी. याला कुणी व्यायाम म्हटलं नाही, म्हणून तो कधी सुटलाही नाही.

आता तोच पोट्टा अहेरी, गडचिरोली नाहीतर नागपूरला शिकायला जातो. वसतिगृहाची तीन वर्षं संपवून परत येतो तेव्हा हातात पदवी असते आणि रोवणीची सवय गेलेली असते. 2016 मध्ये डोंगरावर लोहखनिजाचं उत्खनन सुरू झालं. खाणीचं बरंवाईट हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढंच सांगायचं की तिने बसून करायची कामं आणली: डंपर चालवणं, गेटवरची चौकी, वजनकाट्यावरचं टेबल. पगार आला, पगारामागून हप्त्यावरची मोटारसायकल आली, नाक्यावरचा समोसा आणि तर्रीपोहे आले. खनिजाचे ट्रक वजनकाट्यावर चढतात. ते मोजणारा स्वतः मात्र चढत नाही.

चढला, तर काय दिसेल? भारतीयांसाठी वापरल्या जाणाऱ्या मापाप्रमाणे 165 सेंटिमीटर उंचीच्या तरुणाचं वजन साधारण साडेबासष्ट किलोच्या वर गेलं की ते जास्त, आणि 68 च्या वर गेलं की लठ्ठपणा. त्याच उंचीला ते 50 च्या खाली असेल तर ते कमी. एकाच गावात ही दोन्ही टोकं भेटतात, त्यामुळे नागपूरच्या जिमचा तक्ता इथे सगळ्यांना लावून चालत नाही. काटा मिळाला नाही तर शिवणकामाची टेप घ्यावी. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर आणि बाईची 80 ओलांडली, की पोटातली चरबी वाढली असं समजावं. डोळ्यांना पोट दिसण्याआधी टेपेला ते कळतं.

165 हा आकडा मी सहज घेतलेला नाही. पोलीस शिपाई भरतीत पुरुषाला तेवढी उंची लागते, आणि गडचिरोली-चंद्रपूरकडे कॉलेजनंतरच्या ‘फिटनेस’चं खरं नाव भरतीच आहे. मैदानी चाचणी 50 गुणांची. पोरांना 1600 मीटर, पोरींना 800, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. 1600 मीटरला पैकीच्या पैकी 20 गुण हवे असतील तर वेळ पाच मिनिटं दहा सेकंद. म्हणजे 400 मीटरचा फेरा साडेसत्याहत्तर सेकंदांत, असे सलग चार. वनरक्षकाला तर धावणं झाल्यावर चालण्याचीही परीक्षा असते: चार तासांत पुरुषांना 25 किलोमीटर, महिलांना 16. आजीनं बाजाराच्या दिवशी गुण न घेता दिलेली परीक्षा नातीला आता पदासाठी द्यावी लागते.

या तयारीत एक गैरसमज घट्ट बसलाय की धावलं की वजन उतरतं. हिशेब करून पाहू. धावताना किलोमागे, किलोमीटरमागे साधारण एक कॅलरी जळते. 80 किलोचा गडी 1600 मीटर धावला तर जळल्या 130 च्या आसपास. नाक्यावरचा एक मोठा समोसा याहून जास्त परत देतो. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. आठवड्याला अर्धा किलो उतरवायचं तर रोज साडेपाचशेची तूट लागते, आणि ती मुख्यतः ताटातच होते. इथलं ताट मुळात वाईट नाही. आंबील, वास्ते (बांबूचे कोंब), रानभाज्या, मासे, डाळ हे सगळं उपयोगाचंच. बिघडतं ते भाताच्या डोंगरानं आणि डाळीच्या पातळ पाण्यानं. भात निम्मा करून डाळ घट्ट करावी आणि अंडं किंवा मासा जोडावा. पावडरचा डबा घ्यायची गरज नाही.

जड अंगानं पहिल्याच दिवशी डांबरावर धावू नये. नडगी दुखायला लागते आणि महिना वाया जातो. आधी सहा आठवडे भरभर चालावं, मग चालता-चालता थोडं धावावं. ट्रकांच्या रस्त्यावर तर धावूच नये. शाळेचं मैदान किंवा धुऱ्यालगतची पांदण बरी. आणि खर्रा! पहाटे फुप्फुसं कमवायची आणि दिवसभर सुपारी-तंबाखू चघळून रक्तवाहिन्या आवळायच्या, हा उद्योग मला कळलेला नाही. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. खर्रा मात्र गालात निवांत बसलाय.

जंगल शेजारी आहे म्हणून हृदय सुरक्षित, असंही मानू नये. गडचिरोलीत आयुष्य घालवणाऱ्या डॉ. अभय बंग यांना 1995 मध्ये, पन्नाशीच्याही आत, हृदयविकाराचा झटका आला. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक त्यातूनच आलं.

खरी गडबड भरतीनंतर होते. निवड झाली की नेमणूक, आणि नाही झाली तर वयोमर्यादा. दोन्हीकडे मैदान सुटतं, पण धावणाऱ्याची भूक सुटत नाही. ज्या पोरानं तीन वर्षं पहाट चुकवली नाही, तोच दोन वर्षांत पट्ट्याला नवं भोक पाडून घेतो. चूक त्याच्या जिद्दीची नाही. त्याला धावण्याचं कारणच एक दिलेलं होतं, आणि ते संपलं. प्रौढ माणसाला आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचं काम पुरतं. सरपण फोडणं, विहिरीचं पाणी ओढणं, जोर-बैठका हे सगळं त्यात धरावं. इथे घड्याळ लावायचं कारण नाही.

धावायला सुरुवात करण्याआधी एक काम मात्र कराच: सिकलसेलची तपासणी. गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो आणि पुष्कळांना आपण वाहक आहोत याचा पत्ता नसतो. वाहकाला धावता येतं, पण उन्हात, पाणी न पिता, एकदम पूर्ण वेगानं धावल्यास तो कोसळू शकतो आणि जिवावर बेतू शकतं. त्यानं हळूहळू वेग वाढवावा आणि मांड्या अचानक लुळ्या पडल्यासारख्या वाटल्या तर तिथेच थांबावं. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे, त्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय मैदानात उतरू नये. हिवताप झाला असेल तर अंगात नीट ताकद येईपर्यंत बूट बाजूला ठेवावेत. सिकलसेलच्या तपासणीला बोटातून रक्ताचा थेंब लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा, आणि बूट त्यानंतर विकत घ्या.