कड्यावरची दफनभूमी

सिडनीजवळ ब्रॉन्टे इथे समुद्राच्या कड्यावर १८७७ मध्ये वेव्हर्ली दफनभूमी सुरू झाली. देखण्या संगमरवरी पुतळ्यांमुळे ती प्रसिद्ध असली, तरी तिचं खरं मोल इथे कोण कोण शेजारी निजलं आहे त्यात आहे. आयर्लंडमध्ये १७९८ साली बंड करून ऑस्ट्रेलियात हद्दपार झालेला मायकेल ड्वायर १८२५ मध्ये वारला. त्याचे अवशेष १८९८ मध्ये समारंभाने इथे आणले आणि त्यावर भव्य स्मारक उभं राहिलं. साम्राज्याने बंडखोर म्हणून हद्दपार केलेल्या माणसाला वसाहतीतल्या लोकांनी जाहीर मान दिला, याचा याहून ठसठशीत पुरावा कुठला? पेटी-पतंगांच्या बळावर १८९४ मध्ये जमिनीवरून उचलला गेलेला लॉरेन्स हारग्रेव्ह, लेखक हेन्री लॉसन आणि १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारी जलतरणपटू फॅनी ड्युरॅक हीही इथेच आहेत.

समुद्र हे सगळं गिळणारच, मग जतनावर खर्च कशाला, असं कुणी म्हणेल. शंका रास्त आहे. खारं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतं, सुकताना मिठाचे स्फटिक वाढतात आणि अक्षरांचा पापुद्रा सुटतो. जून २०१६ च्या वादळात तर दरड ढासळून किनाऱ्याची पायवाट बंद पडली. पण झीज अटळ आहे म्हणूनच कोरीव मजकुराची नोंद, छायाचित्रण आणि पाण्याचा नीट निचरा ही कामं आधी व्हायला हवीत. पुतळ्यांची डागडुजी नंतर केली तरी चालेल.