शिकायचे तर एक पान लिहा

1901 साली हैदराबादेत श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू वाचनालय सुरू झाले. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूतून चाले, शाळांतही उर्दूचाच वरचष्मा. अशा शहरात तेलुगू वाचणाऱ्यांनी आपल्या भाषेतल्या पुस्तकांसाठी हक्काची जागा उभी केली. त्यात पुढाकार घेणाऱ्यांपैकी एक होते कोमर्राजू लक्ष्मणराव. त्यांचे शिक्षण नागपुरात झाले. थोरली बहीण भंडारू अच्चमांबा लग्नानंतर तिकडे राहत होती. तिने धाकट्या भावाला आपल्याजवळ ठेवून शिकवले. अच्चमांबा स्वतः तेलुगूतल्या पहिल्या कथालेखिकांपैकी एक मानल्या जातात. लक्ष्मणरावांना मराठी उत्तम येत असे, ते मराठीत लिहीतही. 1906 मध्ये त्यांनी हैदराबादेतच विज्ञानचंद्रिका मंडळी ही प्रकाशनसंस्था काढली आणि विज्ञान, इतिहास, चरित्रे असे विषय तेलुगूत आणले. पुढे त्यांनी तेलुगू ज्ञानकोशाला हात घातला. तीन खंड निघाले. 1923 मध्ये लक्ष्मणराव वारले आणि काम थांबले.

साधारण त्याच काळात आपल्याकडे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी झिजत होते. त्यांचे 23 खंड पूर्ण झाले, पण त्यासाठी त्यांना आयुष्यातली उमेदीची वर्षे द्यावी लागली. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचे काम चालले, त्याचा पहिला खंड 1976 मध्ये आला. या तिन्ही कामांपुढे मी नतमस्तक आहे. पण तिन्हींची रचना एकच होती: जाणकारांनी लिहायचे आणि बाकीच्यांनी वाचायचे. विकीने ही रचना मोडली. वाचणाऱ्याच्या हाती लेखणी दिली. माझ्या मते विकीचा शिक्षणाशी खरा संबंध इथे आहे. विकीवरून माहिती मिळते हे सगळ्यांना ठाऊक आहे. विकीवर लिहिताना माणूस शिकतो, हे मात्र आपल्या शाळांनी आणि वाचनालयांनी अजून पुरते ओळखलेले नाही.

आधी यंत्रणा समजून घेऊ. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने 1995 मध्ये पहिली विकी सुरू केली. कल्पना साधी होती: जे पान तुम्ही वाचता आहात, तेच तिथल्या तिथे दुरुस्तही करता यावे. 2001 मध्ये विकिपीडिया आला. मराठी विकिपीडिया मे 2003 मध्ये आणि तेलुगू त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुरू झाला. प्रत्येक पानामागे दोन गोष्टी असतात. ‘इतिहास’ या दुव्यावर कोणी, कधी, कोणता शब्द बदलला हे जसेच्या तसे राहते आणि बिघडलेले पान पूर्वपदाला नेता येते. ‘चर्चा’ पानावर वाद चालतो: हे साल कुठून घेतले, हा उल्लेख एकतर्फी नाही का, संदर्भ कुठे आहे. नवख्यांच्या सरावासाठी मराठी विकिपीडियावर ‘धूळपाटी’ आहे आणि सामायिक बोलण्यासाठी ‘चावडी’.

शिक्षकांनी या चर्चा पानाकडे लक्ष द्यावे. वर्गात निबंध एकच माणूस वाचतो, तोही गुण देण्यापुरता. विकीवरचा परिच्छेद अनोळखी माणूस वाचतो आणि पुरावा मागतो. चौदा वर्षांच्या मुलीला कोणी पहिल्यांदा विचारते, ‘हे तुला कशावरून कळले?’ तेव्हा तिला पुस्तक उघडून पान क्रमांक शोधावा लागतो. संशोधनाची पहिली पायरी ती इथेच चढते.

हैदराबादेत हे काम नवे नाही. एप्रिल 2023 मध्ये इथल्या ट्रिपल आयटी या माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या आवारात विकीकॉन्फरन्स इंडिया ही देशभरच्या विकिसंपादकांची परिषद भरली होती. 2011 मध्ये मुंबई आणि 2016 मध्ये मोहाली यांच्यानंतरची ही तिसरी. त्याच संस्थेने तेलुगू विकिपीडियातला मजकूर वाढवण्याचा मोठा प्रकल्पही हाती घेतला होता. पण मला जास्त भावते ते तेलुगू विकिपीडियनांचे गावांचे काम. दोन्ही तेलुगू राज्यांतल्या गावागावांची पाने त्यांनी मांडून ठेवली. सुरुवातीला बरीच पाने दोन-चार ओळींची, संगणकाच्या मदतीने भरलेली होती. पण पान असणे महत्त्वाचे ठरते. गावातला शिकलेला मुलगा आपले गाव शोधतो, पान उघडते, त्यात तलावाचे नाव नसते आणि त्याला राहवत नाही. तो ते नाव घालतो. लेखक तयार होण्याची याहून सोपी वाट मला माहीत नाही.

शेतीतही विकीची रीत वापरून पाहिली गेली. हैदराबादच्या पश्चिमेला पटानचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीची आंतरराष्ट्रीय संस्था 1972 पासून आहे. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग ही तिची मुख्य पिके. म्हणजे मराठवाड्याचे सगळे ताटच. आयआयटी कानपूर, इक्रिसॅट आणि इतर काही संस्थांनी मिळून 2009 मध्ये ‘अ‍ॅग्रोपीडिया’ हा शेतीज्ञानाचा सामायिक कोश सुरू केला. त्यात तज्ज्ञांनी तपासलेला मजकूर एका बाजूला आणि लोकांनी भरलेले अनुभव दुसऱ्या बाजूला ठेवले होते. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. शेतकऱ्याचे बोलणे बाद केले नाही आणि ते तपासलेल्या शिफारशीत मिसळूनही टाकले नाही. समाजाने स्वतःची विकी करायची तर हा धडा पहिल्या दिवशीच गिरवावा.

दुसरा धडा पुण्याचा आहे, आणि तो कडू आहे. 2011 मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहून घेण्याचा उपक्रम केला. विद्यार्थी शेकड्यांनी आले. त्यातल्या अनेकांनी पुस्तकांतला आणि संकेतस्थळांवरचा मजकूर जसाच्या तसा चिकटवला. तो शोधून काढता काढता जगभरचे स्वयंसेवक थकले आणि त्याच वर्षी उपक्रम गुंडाळावा लागला. मी त्या मुलांना दोष देत नाही. वर्षानुवर्षे गाइडमधले उत्तर उतरवून गुण मिळवायला आपणच शिकवतो, मग दुसऱ्याचे वाक्य आपल्या नावाने देणे ही चोरी आहे हे त्यांना एका महिन्यात कसे उमगणार? विद्यार्थी फार, जाणते मार्गदर्शक मोजके आणि डोक्यावर परीक्षेची तलवार, असे जमले की विकी शिकवत नाही, बिघडते. पाच-सहा जणांचा गट, त्यात एक अनुभवी संपादक आणि पहिले काही आठवडे फक्त धूळपाटी, एवढे पथ्य पाळावेच लागते.

आता हैदराबादच्या मराठी माणसांकडे येतो. सुलतान बाजार, कोठी, काचीगुडा या भागांत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने विवेक वर्धिनीसारखी शिक्षणसंस्था उभी केली. 1920 मध्ये लक्ष्मणराव फाटक यांनी ‘निजाम विजय’ हे मराठी साप्ताहिक काढले. उस्मानिया विद्यापीठात मराठी शिकवली गेली. सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखा फार्सी-उर्दूचा जाणकार याच मातीत वाढला. मराठी साहित्य परिषदेचे ‘पंचधारा’ हे नियतकालिक इथूनच निघते. इतका ऐवज असूनही त्यातले फार थोडे आज मोबाइलवर शोधणाऱ्या नातवाच्या हाती लागते.

हा नातू कसा आहे? घरी मराठी बोलतो. शाळेत तेलुगू शिकतो, कारण 2018 च्या कायद्याने तेलंगणात ती सक्तीची झाली आहे. हिंदीमुळे देवनागरी वाचता येते. म्हणजे मराठीची अक्षरे त्याच्याकडे आहेत, फक्त मराठी पुस्तक हाती घेण्याचे कारण नाही. ते कारण विकी देऊ शकते.

विकिपीडियाचेच भावंड असलेल्या विकिस्रोताचे उदाहरण घ्या. जुन्या, हक्कमुक्त पुस्तकांचे स्कॅन तिथे चढवतात. पडद्याच्या एका बाजूला मूळ पानाचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला यंत्राने ओळखलेला मजकूर असतो. यंत्र ‘घ’ला ‘ध’ समजते, ‘भ’ला ‘म’, आणि फिकट छपाईतली वेलांटी गाळते. ओळीमागून ओळ ताडून पाहायची. न तपासलेल्या पानाची खूण लाल, एकाने तपासले की पिवळी आणि दुसऱ्याने पुन्हा तपासले की हिरवी. पहिला तपासणारा आणि दुसरा तपासणारा वेगळाच असावा लागतो. आता इथे नातू आणि आजी शेजारी बसवा. ‘नाहीं’, ‘कोठें’, ‘आम्हांस’ या शब्दांवरचे अनुस्वार पाहून तो विचारणारच, आणि ते चुकले समजून पुसूही लागेल. आजी सांगेल, 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी असेच लिहीत. पुस्तक जसे आहे तसेच ठेवायचे. तासाभरात दोन पाने होतील. पण त्या दोन पानांत शुद्धलेखनाचा इतिहास, जुनी वाक्यरचना आणि मुद्रितशोधन तिन्ही आले, तेही कोणी तास घेतल्याशिवाय.

दुसरे काम या मुलांइतके चांगले महाराष्ट्रात फार थोड्यांना जमेल. विकिपीडियावर भाषांतराचे एक साधन आहे. तेलुगू लेख एका बाजूला आणि रिकामे मराठी पान दुसऱ्या बाजूला. यंत्राचा कच्चा अनुवाद मिळतो, पण तो न सुधारता मोठ्या प्रमाणात तसाच ठेवला तर साधन अडवते. पोचमपल्लीचे विणकाम, काकतीयांचे तलाव, बतुकम्माचा सण, हे सारे तेलुगूतून थेट मराठीत आणायला दोन्ही भाषा घरादारात वापरणारी मुले लागतात. हैदराबाद, आदिलाबाद, बोधन इथल्या मराठी घरांत ती आहेत. इंग्रजीच्या वळशाने आलेली तेलंगणाची माहिती आपण किती दिवस वाचणार?

एक अडचण आधीच सांगायला हवी. आजीची आठवण विकिपीडियावर चालत नाही. तिथे छापील, तपासता येणारा संदर्भ लागतो, आणि हा नियम योग्य आहे. रझाकारांच्या काळात घर सोडून सोलापूरला गेलेल्या कुटुंबाची हकिगत, गल्लीतल्या गणेशोत्सवातले मेळे, घरची आमटी आणि शेजारच्या तेलुगू घरातले पच्चिपुलुसू हे चिंचेचे सार यांचा संसार, ही सारी सामग्री ज्ञानकोशात बसत नाही. तिच्यासाठी संस्थेची स्वतःची विकी असावी. विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, ती फुकट मिळते. सर्व्हरचा थोडा खर्च आणि सांभाळणारा एक तरुण लागतो. तिथे आठवण सांगणाऱ्याच्या संमतीने, ‘ही आठवण आहे’ अशा स्पष्ट खुणेसह ठेवता येते, आणि शेजारी त्याच घटनेचा छापील पुरावा देता येतो. अ‍ॅग्रोपीडियातली दोन कप्प्यांची रीत इथे कामी येते.

हक्कांबाबत कसूर नको. भारतात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांपर्यंत लेखनहक्क राहतो. पगडींचे ‘जीवनसेतू’ स्कॅन करून चढवता येणार नाही, पण संदर्भ म्हणून खुशाल वापरता येईल. केशवराव कोरटकर 1932 मध्ये गेले, त्यांचे स्वतःचे लेखन मुक्त आहे. हैदराबादेत जुन्या काळी छापलेले मराठी पुस्तक कुणाच्या माळ्यावर असेल तर वाळवी लागण्याआधी त्याचे स्कॅन व्हायला हवे. कोमर्राजू लक्ष्मणरावांचा ज्ञानकोश एका माणसाच्या मृत्यूने थांबला. विकीचे पान असे थांबत नाही, मात्र पुढचा हात तयार असावा लागतो, आणि तो तयार करण्याचे काम वाचनालयांचे आहे. शहरातल्या मराठी वाचनालयांनी महिन्यातला एक रविवार या कामासाठी राखून ठेवावा: दोन संगणक, एक स्कॅनर, चार ज्येष्ठ आणि चार मुले.

आणि वाचनालयाची वाट पाहायची नसेल, तर आजच मराठी विकिपीडियावर खाते उघडा, पैसे पडत नाहीत. धूळपाटीवर जा आणि आपल्या शाळेबद्दल किंवा वस्तीबद्दल दोन वाक्ये लिहा. प्रत्येक वाक्यापुढे ते कुठल्या पुस्तकातून घेतले तेही लिहा.