दुसरा अल्बम

रविवारी सकाळी शेजारच्या काकूंनी पोह्यांना बोलावलं, तेव्हाच काहीतरी काम असणार हे मी ओळखलं. ओकव्हिलमध्ये मराठी घरं मोजकी, त्यामुळे हक्कही मोठे. पोहे अर्धे संपले नाहीत तोच काका म्हणाले, "तू कॉम्प्युटर इंजिनिअर. जरा याला समजाव. बारावीला आहे आणि म्हणतो शेरिडनला अ‍ॅनिमेशन करायचंय. वर ती गिटार आहेच!"

शेरिडन कॉलेज आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, ट्राफल्गर रोडला. अ‍ॅनिमेशन शिकायला लांबून मुलं येतात तिथे. पण काकांना युनिव्हर्सिटी हवी होती, आणि तीही कॉम्प्युटरची.

मी समजवायला बेसमेंटमध्ये गेलो. तिथे मुलानेच मला खुर्ची दिली. "दादा, आधी हे ऐक. मग बोल."

त्याने लावला तो 'बिली टॅलेंट' या बँडचा दुसरा अल्बम, 'बिली टॅलेंट टू', 2006 सालचा. तेरा गाणी. गायक बेन कोवालेविच जीव तोडून ओरडतो, पण कान ओढून घेते ती गिटार. बँडमध्ये गिटारवाला एकच, त्यामुळे सूर आणि साथ दोन्ही तोच सांभाळतो. 'फॉलन लीव्हज'मध्ये व्हँकुव्हरच्या रस्त्यांवर व्यसनात हरवलेली माणसं आहेत. 'वर्कर बीज' हे नाव वाचूनच मला माझी सकाळची गो ट्रेन आठवली.

"गिटारवर कोण आहे माहितीये? इयन डिसा. इंडियन ओरिजिनचा. इंग्लंडमध्ये जन्मला, मिसिसागात वाढला. आणि अ‍ॅनिमेशन शिकला शेरिडनला!"

मी घरी येऊन त्यांची सगळी गोष्ट वाचून काढली. मिसिसागातली चार पोरं 1993 मध्ये एकत्र आली, तेव्हा बँडचं नाव होतं 'पेझ'. त्या नावाचा एक अल्बमही त्यांनी काढला. पण त्याच नावाचा बँड अमेरिकेत आधीपासून होता, म्हणून नाव बदलावं लागलं. नव्या नावाचा पहिला अल्बम आला 2003 मध्ये. म्हणजे दहा वर्षं! मधल्या काळात डिसा टीव्हीच्या कार्टूनसाठी अ‍ॅनिमेशनचं काम करत होता. दुसऱ्या अल्बमच्या वेळी तो सहनिर्माताही झाला आणि तो अल्बम कॅनडात पहिल्या क्रमांकावर गेला, जर्मनीतही.

पहिल्या अल्बममागे अशी कित्येक वर्षं साठलेली असतात. दुसऱ्याला तेवढी सवड मिळत नाही, वर लोकांना तो पहिल्यासारखाच हवा असतो. हे वाचताना मला काका दिसायला लागले. पदवी, व्हिसा, पीआर, घर हा त्यांचा पहिला अल्बम, मोठ्या कष्टाचा. मुलगा हा दुसरा. तोही त्याच चालीत बसला पाहिजे, असं त्यांना वाटतं. त्यात त्यांचं चुकतं असंही नाही. त्यांना माहीत असलेली चाल तेवढी एकच आहे.

मलाही तीच माहीत होती. दहावीचं वर्ष आलं आणि माझा तबला माळ्यावर गेला. आईने पुसून परत तिथेच ठेवलाय, दर दिवाळीला. इंजिनिअरिंगने मला पोटापाण्याला लावलं, तक्रार नाही. पण त्या दिवशी बेसमेंटमध्ये माझी बोटं मांडीवर ठेका धरत होती, हे मुलाने पाहिलं.

पुढच्या रविवारी मी दोघांनाही एकदमच सांगितलं. मुलाला म्हटलं, "दहा वर्षं लागली, हे विसरू नकोस. आणि तोपर्यंत त्याच्या हातात काम होतं, हेही." काकांना म्हटलं, "ते काम त्याला अ‍ॅनिमेशननेच दिलं."

काका बराच वेळ चहा ढवळत राहिले. मग म्हणाले, "आडनाव काय म्हणालास? डिसा? आपल्या वसईकडचा का रे?"

"ते माहीत नाही, काका."

"हं. लाव बघू काय आहे ते. आवाज मात्र कमी ठेव."

मुलगा शेरिडनसाठी चित्रं जमवतोय. निकाल लागायचाय. आणि मी आईला फोन करून सांगितलं, की येताना तबला घेऊन ये. ती विचारत होती, "बॅगेत मावेल का रे?"