रोपवाढीच्या स्वस्त एल. ई. डी. दिव्यांची पारख

पावसाळ्यात आभाळ आठवडाच्या आठवडा झाकोळून राहिले म्हणजे रोपवाटिकेतील रोपे उंच, फिकट व काडीसारखी बारीक होतात, हा अनुभव रोपवाटिका चालविणाऱ्यांस नवा नाही. उजेडाची ही उणीव भरून काढण्यासाठी, तसेच बंद खोलीत मांडणीच्या फळ्यांवर कोवळा भाजीपाला वाढविण्यासाठी, 'ग्रो लाइट' या नावाने एल. ई. डी. दिवे आता सर्वत्र विकले जातात. त्यांच्या किमती काही शेकड्यांपासून कित्येक हजार रुपयांपर्यंत असतात. खोकी मात्र बहुधा सारखीच आकर्षक असतात. अशा दिव्यांसाठी कर्ज काढण्याच्या विचारात असलेल्या बचत गटास किंवा शेतकऱ्यास योग्य सल्ला देता यावा, म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या दिव्यांची पारख शिकून घेणे आवश्यक आहे.

प्रथम, दिव्याची गरज आहे काय हे पाहावे. निरभ्र दिवशी भर दुपारी सूर्यापासून एका चौरस मीटरवर दर सेकंदास सुमारे २,००० मायक्रोमोल इतका प्रकाश पडतो व त्याचे बिल येत नाही. उघड्या शेतातील पिकासाठी दिवे लावून प्रकाशसंश्लेषण वाढविण्याचा खटाटोप म्हणूनच परवडणारा नाही. हरितगृहातही आच्छादनाच्या कागदावर साचलेली धूळ व शेवाळ धुऊन काढले, तर पुष्कळदा दिव्याची गरज उरत नाही.

दुसरा एक गैरसमज याहून अधिक खर्चाचा आहे. शेवंतीस रात्र मोठी झाली की कळ्या धरतात. म्हणून झाडाची वाढ पुरेशी होईपर्यंत मध्यरात्री काही तास उजेड देऊन रात्र मोडावी लागते. ड्रॅगन फ्रूटचे याच्या उलट आहे. हिवाळ्याच्या लांब रात्री दिव्याने मोडल्या असता त्यास हंगामाबाहेर कळ्या येतात, आणि महाराष्ट्रातील काही बागाईतदार हा उपाय करीतही आहेत. या दोन्ही ठिकाणी प्रकाश अन्न तयार करण्यासाठी नसून झाडास रात्रीची लांबी 'चुकविण्यासाठी' असतो. त्यास फार थोडा उजेड लागतो. शेवंतीस झाडाच्या शेंड्यावर सुमारे १०० लक्स पुरतात. हे काम घरगुती एल. ई. डी. बल्ब करू शकतात. अशा बागाईतदारास महागडे 'ग्रो लाइट' विकणे म्हणजे त्याची फसवणूकच होय.

राहता राहिले बंद खोलीतील पीक, ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा आणि ढगाळ दिवसांतील रोपवाटिका. येथे दिवा विचारपूर्वक निवडावा लागतो.

खोक्यावर ठळक छापलेला '१०००' हा आकडा सर्वांत अधिक फसवितो. तो वॅटचा आहे असे ग्राहकास वाटते. वस्तुतः तो बहुधा मॉडेलचा क्रमांक असतो किंवा जुन्या पद्धतीच्या एखाद्या दिव्याशी केलेली तुलना असते. चीनमधील नामवंत कंपन्यांच्या दिव्यांचीच उदाहरणे घेऊ. स्पायडर फार्मरचा एस. एफ. १००० आणि व्हिपारस्पेक्ट्राचा पी. १००० हे दिवे प्रत्यक्षात सुमारे १०० वॅट, तर मार्स हायड्रोचा टी. एस. १००० हा सुमारे १५० वॅट वीज घेतो. या कंपन्या खरे वॅट आपल्या माहितीपत्रकात देतात, त्यामुळे त्यांस दोष देता येत नाही. परंतु ग्राहक माहितीपत्रक वाचीत नाही. ज्या दिव्यावर खरे वॅट कोठेच छापलेले नाहीत, तो दिवा किंमत न विचारताच परत करावा.

खरे वॅट घरच्या घरी मोजता येतात. विजेच्या मीटरवर एक बारीक तांबडा दिवा लुकलुकत असतो व त्याच्याजवळ 'दर युनिटास ३२०० स्पंदने' यांसारखा आकडा छापलेला असतो. घरातील इतर सर्व उपकरणे बंद करून केवळ पारखावयाचा दिवा लावावा व घड्याळ लावून सहा मिनिटांत मीटरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावे. ३२०० स्पंदनांच्या मीटरवर १०० वॅटच्या दिव्याने सहा मिनिटांत ३२ स्पंदने होतात. खरोखर १००० वॅटचा दिवा असता तर ती ३२० झाली असती. मीटरवरील आकडा वेगळा असल्यास त्या प्रमाणात हिशेब करावा. दुकानदाराशी वाद घालण्यापेक्षा त्याच्याच दुकानात हा प्रयोग करून दाखविणे अधिक परिणामकारक ठरते.

परंतु वीज अधिक खाणारा दिवा चांगला, असेही नाही. एक ज्यूल विजेपासून किती मायक्रोमोल उपयुक्त प्रकाश निघतो, यावर दिव्याची खरी योग्यता ठरते. बागाईती दिव्यांची जाहीर यादी ठेवणाऱ्या अमेरिकेतील डिझाइनलाइट्स कन्सॉर्शियम या संस्थेने २०२३ पासून यादीत येण्यासाठी किमान २.३ मायक्रोमोलची अट घातली होती. जुन्या फ्लुओरेसंट नळ्यांचा आकडा एकाच्याही आत असे. येथे विक्रेत्याची परीक्षा घेण्याची एक सोपी युक्ती आहे. सर्व वीज ६६० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशात बदलली, कणभरही उष्णता झाली नाही, तरी एका ज्यूलपासून ५.५ मायक्रोमोलच निघू शकतात. निळ्या प्रकाशाचे तर याहून कमी. जो पत्रकात याच्या वरचा आकडा छापतो, त्याचे उरलेले आकडे वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत.

पत्रकातील आकड्यावर न विसंबता आपल्या मांडणीवर दिवा काय देतो ते पाहणे उत्तम. यासाठी साधा लक्समापक पुरतो. मोबाइलमधील मापक दोन दिव्यांची ढोबळ तुलना करण्यापुरताच विश्वासार्ह समजावा. पांढऱ्या एल. ई. डी. दिव्यासाठी लक्सच्या आकड्यास ७० ने भागले असता मायक्रोमोलचा अंदाज मिळतो. जांभळट प्रकाशाच्या दिव्यास मात्र हा हिशेब लागू पडत नाही. कारण लक्स हे माणसाच्या डोळ्यास किती दिसते याचे माप आहे, पानास किती मिळते याचे नाही. विक्रेते नेहमी दिव्याच्या बरोबर खालच्या मध्यबिंदूचा आकडा दाखवितात. कडेला तो निम्म्यावर आलेला असू शकतो. म्हणून फळीचे नऊ सारखे भाग करून, पिकाच्या शेंड्याइतक्या उंचीवर, प्रत्येक भागात माप घ्यावे व सरासरी काढावी.

आता हिशेब पाहू. १.२ मीटर लांब व ०.६ मीटर रुंद फळीचे क्षेत्र ०.७२ चौरस मीटर होते. लेट्यूससारख्या पानभाजीस दर चौरस मीटरला दिवसाकाठी १२ ते १७ मोल प्रकाश हवा. सोळा तास दिवा लावल्यास बारा मोलांसाठी सरासरी २१० मायक्रोमोल, म्हणजे सुमारे १४,७०० लक्स, सर्व फळीवर पडावे लागतात. २१० ला ०.७२ ने गुणून दर सेकंदास सुमारे १५१ मायक्रोमोल होतात. समजा, एका दिव्याचा प्रत्यक्ष पानावर पडणारा प्रकाश दर ज्यूलला १.५ मायक्रोमोल भरला व दुसऱ्याचा ०.९. पहिला दिवा १०१ वॅट घेईल, दुसऱ्या प्रकारचे दिवे १६८ वॅट घेतील. रोजच्या खर्चातील फरक एक युनिटाहून किंचित अधिक पडतो, वर्षाचा सुमारे ३९० युनिट. युनिटास आठ रुपये धरल्यास एका फळीमागे वर्षाला तीन हजारांवर रक्कम जाते. बचत गटाच्या मांडणीवर अशा चार फळ्या असतील, तर खरेदीत वाचविलेले पैसे किती दिवस पुरतील, हे प्रत्येकास कळण्यासारखे आहे. शिवाय वाया गेलेल्या विजेची उष्णता होऊन ती त्याच खोलीत साठते.

जांभळट दिवे अजून खपतात, याचे कारण पानातील हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश विशेष शोषते ही अर्धवट ऐकलेली माहिती. निरनिराळ्या पिकांच्या पानांवर प्रयोग करून मॅक्री या शास्त्रज्ञाने १९७२ मध्येच दाखवून दिले की, हिरवा प्रकाशही प्रकाशसंश्लेषणास बऱ्याच प्रमाणात उपयोगी पडतो. पांढऱ्या उजेडात आणखी एक लाभ आहे. पानावरील करपा, मावा किंवा अन्नद्रव्याची कमतरता डोळ्यांस ओळखू येते. जांभळ्या उजेडात सर्व पाने सारखीच काळी दिसतात व रोग कळेपर्यंत पसरलेला असतो.

उत्पादकांविषयी सांगावयाचे तर, दिव्यावरील नाव आणि दिवा बनविणारा कारखाना हे पुष्कळदा भिन्न असतात. एकाच कारखान्यातील दिवा अनेक नावांनी विकला जातो. प्रकाश देणाऱ्या चिप्स एका कंपनीच्या, वीज पुरविणारा ड्रायव्हर दुसऱ्या कंपनीचा आणि जुळणी तिसऱ्याची असते. म्हणून 'चिप अमुक कंपनीची' एवढ्यावर भुलू नये. शेकडो चिप्सपैकी किती त्या कंपनीच्या, हेही विचारावे. बिघाड बहुधा चिपमध्ये नव्हे, तर ड्रायव्हरमध्ये होतो. आपल्याकडे खेड्यातील विजेचा दाब ज्या प्रकारे वरखाली होतो, ते पाहता ड्रायव्हरवर छापलेली दाबाची मर्यादा वाचणे अगत्याचे आहे. एल. ई. डी. चे ड्रायव्हर भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत येतात. त्यांवर 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो व तो ब्यूरोच्या बी. आय. एस. केअर या मोबाइल उपयोजनावर ताडून पाहता येतो. क्रमांक नसलेला किंवा दुसऱ्याच उत्पादकाचा क्रमांक चिकटविलेला ड्रायव्हर घरात आणू नये.

'५०,००० तास आयुष्य' हे शब्दही जपून वाचावेत. रोज सोळा तास म्हणजे वर्षाला ५,८४० तास. त्या मानाने ५०,००० तास म्हणजे साडेआठ वर्षे झाली, आणि हमी मात्र एकाच वर्षाची! तासांचा आकडा बहुधा चिपच्या चाचणीवरून काढलेला असतो, पूर्ण दिव्याच्या नव्हे. हमी किती वर्षांची, दुरुस्ती कोठे होणार, सुटा ड्रायव्हर मिळतो काय व दिवा परत पाठविण्याचा खर्च कोणाचा, या प्रश्नांची उत्तरे पावतीवर लिहून घ्यावीत. एकदम दहा दिवे न घेता प्रथम एकच घ्यावा, वर सांगितल्याप्रमाणे मोजावा, त्याखाली पिकाचा एक फेर काढावा व मगच पुढील मागणी नोंदवावी.

दिवा बसविताना पाणी व वीज जवळजवळ येतात, हे विसरू नये. तीन तारांची जोडणी व जमिनीत नीट पुरलेले अर्थिंग असल्याशिवाय धातूच्या मांडणीवर दिवा टांगू नये. मंडलात ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक खटका अवश्य बसवावा. फवारणीचे तुषार लागणाऱ्या जागी आय. पी. ६५ दर्जाचा दिवा घ्यावा, आणि ड्रायव्हर शक्यतो मांडणीच्या बाहेर, हवेशीर व कोरड्या भिंतीवर ठेवावा. दर पंधरवड्यास दिवा बंद करून, थंड झाल्यावर, कोरड्या मऊ फडक्याने पुसावा. दर तीन महिन्यांनी त्याच नऊ ठिकाणांची मापे घेऊन ती पहिल्या दिवसाच्या नोंदीशेजारी वहीत लिहावीत. हमीच्या मुदतीत उजेड लक्षणीय घटल्याचे आढळल्यास विक्रेत्यापुढे ठेवण्यास ही वही उपयोगी पडते.