कितवा मजला घ्यावा?

घर पाहायला गेलं की बिल्डरचा माणूस आधी वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीत नेतो. वारा, उजेड तिथे खरंच छान असतो, धूळही कमी. पण घरात वयस्कर माणसं असतील, तर माझ्या मते पहिला प्रश्न मदत किती मिनिटांत पोहोचेल, हा हवा.

कॅनडातल्या टोरोंटो परिसरात घरीच हृदय बंद पडलेल्या साडेसात हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसऱ्या मजल्याच्या खाली राहणारे ४.२ टक्के वाचले, तिसऱ्या किंवा त्यावरच्या मजल्यांवरचे २.६ टक्के. (तिथे तळमजल्यालाच पहिला म्हणतात.) पंचविसाव्याच्या वरचे ३० रुग्ण होते, त्यांतला एकही वाचला नाही. रुग्णवाहिका वेळेवर आली तरी गेट, लिफ्टची वाट आणि अरुंद पॅसेज यांत मिनिटं जातात. छाती दाबणं आणि विजेचा झटका हे उपचार मिळाले नाहीत, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून स्ट्रेचर आडवं मावेल अशी लिफ्ट आहे का, हे स्वतः पाहा. वॉचमनला छाती दाबायला शिकवणं तर कुठल्याही सोसायटीला जमण्यासारखं आहे.

पाण्याचं गणित सोपं आहे. टाकीपासून दर १० मीटर खाली आलं की दाब साधारण एका वातावरणाइतका वाढतो. त्यामुळे गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर शॉवर मरगळलेला असतो; तिथे प्रेशर पंप आहे का, ते विचारा. बऱ्याच खालच्या मजल्यांवर मात्र दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल, तर नळांचे वायसर लवकर जातात.