राहून गेलेले सिनेमे (लेखांक ३) : यादीऐवजी धागा

मागच्या दोन लेखांकांत आपण जुने नावाजलेले चित्रपट आज का पाहायचे याचा विचार केला. ते पटले की पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो: सुरुवात कुठून करायची? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. जगातल्या सर्वश्रेष्ठ शंभर चित्रपटांची एखादी यादी मिळवायची, वहीत उतरवून घ्यायची आणि पाहून होईल तसतसे एकेक नाव खोडत जायचे. असे करणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका नाही, पण हा मार्ग मला चुकीचा वाटतो. अशी यादी गुणवत्तेची नोंद असते हे खरे. पण कोणता चित्रपट, कोणत्या काळात, कोणाला आणि कोणत्या अवस्थेत पाहायला मिळाला याचीही ती तितकीच नोंद असते. हा दुसरा भाग यादीवर कुठेच छापलेला नसतो. त्यामुळे तिला गुणानुक्रम समजून वरून खाली उतरत जाणारा प्रेक्षक दुसऱ्यांच्या योगायोगांचा हिशोब पुरा करत बसतो.

या बाबतीत सर्वांत मानाची यादी म्हणजे ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाची. दर दहा वर्षांनी समीक्षकांची मते मागवून ती तयार होते. १९५२ च्या पहिल्या यादीत अव्वल ठरला डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’, तोही प्रदर्शित होऊन जेमतेम चार वर्षे झाली असताना. ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ तेव्हा पहिल्या दहांतही नव्हता. १९६२ मध्ये तो पहिला आला आणि २००२ पर्यंत सलग पाच वेळा पहिलाच राहिला. २०१२ मध्ये हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ने त्याला खाली ढकलले आणि २०२२ मध्ये शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा १९७५ चा ‘जान दीलमान’ एकदम पहिल्या क्रमांकावर गेला. सत्तर वर्षांत चार अव्वल चित्रपट! या काळात चित्रपट जिथल्या तिथे होते, बदलले ते मत देणारे. १९५२ मध्ये त्रेसष्ट समीक्षकांनी मत दिले होते, २०२२ मध्ये सोळाशेहून अधिक जणांनी. मतदार बदलले की निकाल बदलतो, यात वावगे काही नाही. पण मग त्या निकालाला अभ्यासक्रम मानता येत नाही.

याहून खोल कारण चित्रपटाच्या प्रतींशी जोडलेले आहे. कादंबरीची एक आवृत्ती संपली तरी ग्रंथालयात एखादी प्रत सापडते आणि तिच्यातला मजकूर तोच असतो. चित्रपटाचे तसे नाही. कार्ल ड्रायरच्या ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ची (१९२८) मूळ निगेटिव्ह प्रदर्शनाच्याच वर्षी बर्लिनमध्ये जळाली. ड्रायरने उरलेल्या शॉट्समधून चित्रपट पुन्हा जुळवला, तर त्याचीही निगेटिव्ह आगीत गेली. १९५२ च्या यादीत हा चित्रपट पहिल्या दहांत होता, म्हणजे मत देणाऱ्यांपैकी अनेकांनी ड्रायरने मुळात जुळवलेला चित्रपट पाहिलेलाच नसावा. मूळ रूपातली प्रत १९८१ मध्ये सापडली, ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात. झां रन्वारचा ‘द रूल्स ऑफ द गेम’ १९३९ मध्ये काटछाट सोसून बंदीत अडकला, पुढे महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात त्याची निगेटिव्ह नष्ट झाली. विखुरलेल्या तुकड्यांतून तो १९५९ मध्ये पुन्हा उभा केला गेला. १९५२ च्या यादीत दहाव्या जागेवर असलेला हा चित्रपट १९६२ मध्ये तिसरा आला. या चढाईचे सगळे श्रेय त्या जुळवाजुळवीला देता येणार नाही, पण तिच्यावाचून ती झाली असती असेही म्हणवत नाही. उलट बाजूचे उदाहरण फ्रँक काप्राच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’चे. १९४६ मध्ये तो तिकीटबारीवर खर्चही वसूल करू शकला नाही. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण राहून गेले, अमेरिकेतल्या दूरचित्रवाहिन्यांना तो जवळजवळ फुकट मिळू लागला, दर नाताळात घरोघरी दिसू लागला आणि बघता बघता अभिजात ठरला. चित्रपट चांगला आहेच. पण तो चांगला आहे हे कळायला अमेरिकेला एक कारकुनी चूक व्हावी लागली.

आपल्याकडे तर ही बाब जिव्हारी लागणारी आहे. भारतात तेराशेच्या वर मूकपट बनले आणि आज त्यांतले जेमतेम तीसेक हाती आहेत, तेही बरेचसे तुकड्यांत. ते ज्या फितीवर चित्रित होत, ती नायट्रेटची फीत पटकन पेट घेते, नाही पेटली तर आपोआप कुजते. शिवाय तिच्यातली चांदी काढून विकता येत असे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ ची, म्हणजे फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर एक्कावन्न वर्षांनी. पी. के. नायर यांनी तिथे उभे केलेले काम डोंगराएवढे आहे, पण जे आधीच नाहीसे झाले होते ते कोण आणणार? बाबूराव पेंटरांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ घ्या. ना. ह. आपट्यांच्या कथेवरचा मूकपट; तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम, सावकाराच्या कर्जात जमीन गमावून शहरात मजुरीला लागलेल्या माणसाची गोष्ट. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या आठवणीत अंधाऱ्या रात्रीची झोपडी आणि रडणारे कुत्रे राहिले. आपल्याला १९३६ ची बोलपट आवृत्ती मिळते, मूळ मूकपट मिळत नाही. जो पाहताच येत नाही तो कुठल्या यादीत कसा येणार?

यावर एक सरळ आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. सगळेच योगायोगावर सोडले तर गुणवत्ता काहीच नाही का? शिवाय ‘व्हर्टिगो’चा दाखला माझ्या म्हणण्याच्या उलटही जातो. सत्तरच्या दशकात हिचकॉकने तो स्वतःकडे ठेवून घेतला, बाजारात तो मिळेनासा झाला आणि नेमक्या त्याच काळात, १९८२ मध्ये, तो पहिल्यांदा पहिल्या दहांत आला. म्हणजे दिसत नसतानाही त्याची कीर्ती वाढली. हे मान्य करायलाच हवे. उपलब्धतेने गुण निर्माण होत नाहीत. हजारो चित्रपट वाहिन्यांवर फुकट दाखवले गेले आणि विसरले गेले. यादीत आलेल्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटात काहीतरी भक्कम असते, त्यामुळे पहिला चित्रपट निवडायला यादी चांगली आहे. माझा विरोध तिच्यातून दुसरा चित्रपट निवडण्याला आहे. पहिल्या क्रमांकावरच्या चित्रपटाचा दुसऱ्या क्रमांकावरच्याशी मतमोजणीपलीकडे काही संबंध नसतो. एक बेल्जियमचा, एक अमेरिकेचा, एक जपानचा. प्रत्येक वेळी नवी भाषा, नवा काळ, नव्या सवयी, आणि मागच्या चित्रपटाने डोळ्यांना जे शिकवले ते पुढच्याला उपयोगी पडत नाही. म्हणून मोठ्या उत्साहाने सुरू झालेल्या याद्या दहा-बारा नावांनंतर थंडावतात, आणि दोष मात्र ‘जुने सिनेमे संथ असतात’ या समजुतीवर टाकला जातो.

त्याऐवजी पहिल्या चित्रपटातूनच पुढे जाणारा धागा धरावा. ‘बायसिकल थीव्ह्ज’पासून निघू. सुरुवातीलाच अंतोनियोची बायको मारिया पलंगावरच्या चादरी ओढून काढते, कारण गहाण पडलेली सायकल सोडवल्याशिवाय नवऱ्याला नोकरी मिळणार नाही. गहाणवटीच्या दुकानातला नोकर त्यांच्या चादरींचे गाठोडे घेऊन मांडणीवर चढू लागतो, आणि कॅमेरा त्याच्यामागे वर वर जातो तेव्हा दिसते की छतापर्यंत सगळे कप्पे अशाच गाठोड्यांनी भरलेले आहेत. युद्धानंतरच्या रोमची गरिबी एकाही वाक्याशिवाय समोर येते. हा चित्रपट जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, तिथे तो बिमल रॉय यांनी पाहिला आणि पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ आला. तिथे सायकलीच्या जागी कोलकात्यातली हातरिक्षा आहे आणि बापाबरोबर वणवण करणारा मुलगा तसाच आहे. पण बिमलदांचा शंभू बेकार शहरी कामगार नाही. तो दोनशे पस्तीस रुपयांच्या कर्जापायी जमीन वाचवायला शहरात आलेला शेतकरी आहे. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले की उसने काय घेतले आणि इथल्या मातीने काय बदलले हे कुणी समजावून द्यावे लागत नाही. त्यातून ‘सावकारी पाश’ची कथा ठाऊक असेल तर हे शेतकऱ्याचे दुःख आपल्या सिनेमात रोमहून आलेले नाही, पेंटरांनी ते सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे आधी पडद्यावर आणले होते, हेही ध्यानात येते. दुसरीकडे सत्यजित राय यांनी ‘बायसिकल थीव्ह्ज’ १९५० मध्ये लंडनला पाहिला, आणि नवख्या नटांना घेऊन, प्रत्यक्ष गावात जाऊन ‘पथेर पांचाली’ करता येईल ही त्यांची खात्री तिथे पक्की झाली. तीन चित्रपट, तीन देशी-परदेशी शहरे आणि गावे, पण पाहणाऱ्याला एकच सलग विचार.

राय यांच्याकडून आणखी एक गोष्ट घ्यावी, ती लिहिण्याची. एखाद्या पुस्तकावर चित्रपट येणार असे कळले की ते आधी स्वतः त्याची पटकथा लिहून काढत आणि चित्रपट आल्यावर ताडून पाहत. कोलकात्याच्या अंधाऱ्या चित्रपटगृहांत बसून ते दृश्यांच्या जोडणीची टिपणे करत. आपल्यापैकी बहुतेकांना चित्रपट बनवायचा नाही. तरी प्रत्येक चित्रपटानंतर, कुणाचेही परीक्षण वाचण्याआधी, पानभर टिपण लिहावे. गोष्ट सांगणारे नको, तारे देणारे तर नकोच. कॅमेरा कुठे होता, कोणता आवाज लक्षात राहिला, कुठे कंटाळा आला, आणि त्या कंटाळ्याच्या वेळी पडद्यावर नेमके काय चालले होते, एवढे पुरे. परीक्षण आधी वाचले तर कंटाळा लपवावासा वाटतो, आणि खरा धागा बऱ्याचदा त्या कंटाळ्यातच असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. धागा धरून जाणारा आपल्या आवडीच्या कुंपणात राहील. यादी निदान नको असलेले, अवघड चित्रपटही पाहायला लावते. धागा फक्त ‘हा चित्रपट आवडला, मग त्याच दिग्दर्शकाचा पुढचा’ एवढ्यावर थांबला तर हा आक्षेप खरा ठरेल. पण धागा एखाद्या प्रश्नाचाही असू शकतो, आणि प्रश्न कुंपणे मानत नाही. उदाहरणादाखल एकच प्रश्न घेऊ: पार्श्वसंगीत काढून टाकले तर चित्रपटाचे काय होते? फ्रिट्झ लांगच्या ‘एम’मध्ये (१९३१) पार्श्वसंगीत नाही. आहे ती मुलांच्या खुन्याची शीळ. त्याचा चेहरा दिसण्याआधी शीळ ऐकू येते, आणि पुढे एक आंधळा फुगेवाला तिच्यावरूनच त्याला ओळखतो. सहा वर्षांनी, १९३७ मध्ये, पुण्याच्या प्रभात स्टुडिओत शांतारामांनी ‘कुंकू’ केला, तोही पार्श्वसंगीताशिवाय. मूळ कादंबरी पुन्हा ना. ह. आपट्यांची. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते, आणि त्या घरात आपल्याला ऐकू येते ते त्या घरातलेच: घड्याळाची टिकटिक, ग्रामोफोन. गाणीसुद्धा घटनेतूनच उगवतात. नीरेच्या संतापाला साथ द्यायला व्हायोलिनचा ताफा येत नाही, म्हणून नीरा साकारणाऱ्या शांता आपटेंच्या आवाजातली धार बोथट होत नाही. पार्श्वसंगीताची मदत नाकारणारा इतका धीट निर्णय त्या काळी जगात मोजक्यांनीच घेतला असेल, आणि तरीही जागतिक यादीच्या पहिल्या दहांत हा चित्रपट कधी दिसला नाही.

आता याच प्रश्नासह २०२२ च्या अव्वल चित्रपटाकडे जावे. ‘जान दीलमान’ २०१ मिनिटांचा आहे. ब्रसेल्समधल्या एका विधवेचे तीन दिवस त्यात दिसतात. ती बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरूण काढते, आणि दुपारी घरी येणाऱ्या पुरुषांकडून मिळालेले पैसे टेबलावरच्या सुपाच्या भांड्यात ठेवते. यादीतले पहिले नाव म्हणून जो हा चित्रपट लावेल तो बहुधा अर्ध्या तासात उठेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. पण ‘एम’ आणि ‘कुंकू’ पाहून आलेल्याचा कान तयार झालेला असतो. इथेही पार्श्वसंगीत नाही. नळाचे पाणी, टाचांचा आवाज, आणि खोलीतून बाहेर पडताना दर वेळी दिवा मालवल्याची टिक. ही टिक पहिल्या दिवशी इतकी नियमित असते की दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात तेव्हा जान जागच्या जागी खिळते, भांडे हातात घेऊन ते कुठे ठेवावे हे न सुचून घरभर फिरते, आणि पाहणाऱ्याला धडकी भरते. अडतीस वर्षांच्या अंतराने दोन बायका दोन घरांत कोंडलेल्या आहेत. नीरा आपले म्हणणे मोठ्याने बोलून दाखवते, जान तीन तास एकवीस मिनिटांत जवळजवळ काहीच बोलत नाही, आणि दोन्ही घरांतली कोंडी आपल्यापर्यंत पोहोचते ती त्या घरांच्या आवाजांतून. पुढच्या लेखांकात हाच धागा हिचकॉकच्या ‘द बर्ड्‌स’पर्यंत नेऊ. तोवर जमले तर ‘कुंकू’ची बऱ्यातली बरी प्रत शोधून, हेडफोन लावून पाहावा.