पाय उचलला, तरी गाडी म्हणते ब्रेक दाबला!

दिवाळीनंतरची गोष्ट. जावईबापू लेकीला आणि नातीला घेऊन पुण्याहून आपल्या गाडीने आले होते. भाऊबीज आटोपली, तेव्हा सौभाग्यवतीने शिर्डीचा विषय काढला. समृद्धी महामार्ग आता सेलू, वर्धा, आर्वी या आपल्याच तालुक्यांतून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. तेव्हा पहाटे निघावे, दुपारी दर्शन घ्यावे, असा बेत ठरला.

येळाकेळीजवळ आम्ही महामार्गावर चढलो. रस्ता मोकळा होता. जावईबापूंनी स्टिअरिंगवरचे एक बटण दाबले, पुन्हा दाबले, मग कपाळाला आठ्या घातल्या.

“काय झालं जी?” मी विचारले.

“काही नाही मामाजी, क्रूझ लागत नाही. राहू द्या, पायानं चालवतो.”

थोड्या वेळाने मागचा एक ट्रक सारखे दिवे मारू लागला, हॉर्न वाजवू लागला. आम्ही त्याला वाट दिली, तरी तो पुढे जाईना. विरुळच्या फाट्याला आम्ही उतरलो, तोही उतरला. टोलनाक्यापुढे थांबल्यावर ट्रकवाला जवळ आला.

“भाऊ, तुमचे मागचे लाल दिवे सारखे जळून राहिले ना. तुम्ही ब्रेक मारता का नाही, मले काहीच समजत नाही!”

आम्ही मागे जाऊन पाहिले. ब्रेकवर कोणाचा पाय नव्हता, तरी तिन्ही लाल दिवे ढणढणा जळत होते. दर्शन राहिले बाजूला. साध्या रस्त्याने हळूहळू गाडी वर्ध्याला मिस्त्रीकडे नेली.

रोग एक, लक्षणे चार

मिस्त्री वयस्क, अनुभवी. त्याने बॉनेट उघडलेसुद्धा नाही. टॉर्च घेऊन ड्रायव्हरच्या पायाशी वाकला, चटईवर हात फिरवला आणि तळहातावर पिवळट प्लॅस्टिकचे चार-दोन तुकडे ठेवून म्हणाला, “हे पाहा भाऊ, इथं हाय तुमचा रोग.”

मग त्याने एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. ब्रेक न दाबता गियरचा दांडा ‘पी’वरून सरकत होता का? जावईबापू म्हणाले, “हो, दोन-तीनदा सरकला.” सकाळी बॅटरी उतरलेली असायची का? “परवा धक्का मारावा लागला नसता तरी गाडी कुरकुरत होती खरी.” ब्रेकवर पाय नसताना गाडी बटणाने सुरू झाली का?

हा प्रश्न ऐकून लेक एकदम गप्प झाली. आदल्याच दिवशी अंगणात नात पुढच्या सीटवर खेळत बसली होती. तिने गोल बटण दाबले आणि इंजिन सुरू झाले. आम्ही सगळे हसलो होतो; “पाहा, आमची बाई ड्रायव्हर झाली!” म्हणून कौतुक केले होते. दांड्याचे कुलूपही सुटलेले होते, हे आम्हाला कुठे ठाऊक? दांडा जर तिने ओढला असता, तर समोर गोठ्याची भिंत होती आणि भिंतीपाशी आजी शेंगा फोडत बसली होती.

क्रूझ म्हणजे काय?

क्रूझ कंट्रोल म्हणजे ठरवलेला वेग गाडीने आपोआप राखणे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी वेग तोच राहतो. याचा शोध लावणारे अमेरिकेतले इंजिनिअर राल्फ टीटर हे पाच वर्षांचे असल्यापासून अंध होते. स्वतः कधी गाडी न चालवणाऱ्या या माणसाला दुसऱ्याच्या गाडीचे हिसके मात्र नेमके जाणवत. त्यांना १९५० साली पेटंट मिळाले आणि १९५८ साली क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांत हे यंत्र आले.

या यंत्राची एक अट फार कडक असते. ब्रेकला पाय लागला की त्याने तत्क्षणी वेग सोडला पाहिजे. पाय लागला हे त्याला सांगतो ब्रेक पेडलच्या दांडीपाशी बसवलेला एक छोटा स्विच. लाल दिवे लावणाराही तोच.

एक स्विच, दोन साक्षीदार

फ्रिजचे दार उघडले की दिवा लागतो, लावले की विझतो. चौकटीतले बटण दाराने दाबले जाते, म्हणून. ब्रेकचा स्विच बहुतेक गाड्यांत तसाच. पेडल वर असते तेव्हा स्विचची दांडी आत दाबलेली राहते आणि दिवे बंद असतात. पेडल खाली गेले की दांडी बाहेर येते आणि दिवे लागतात. पेडलच्या पट्टीला एक भोक असते, त्यात रबराची किंवा प्लॅस्टिकची बोटाच्या पेराएवढी टिकली बसवलेली असते. स्विचची दांडी टेकते ती या टिकलीवर. जुनी झाली की टिकली विरते. आपल्याकडच्या वैशाखात उन्हात उभी गाडी भट्टीसारखी तापते, मग तर विचारूच नका. टिकली फुटली की दांडी भोकातून आरपार जाते. पेडल वर असूनही स्विचच्या लेखी ब्रेक दाबलेलाच! आमच्या गाडीचे नेमके हेच झाले होते.

पण या स्विचच्या पोटात बहुधा एक नव्हे, दोन जोड असतात. एक जोड ब्रेक दाबल्यावर जुळतो, दुसरा ब्रेक दाबल्यावर तुटतो. गाडीचा संगणक दोघांनाही विचारतो. दोन साक्षीदारांची साक्ष जुळली तर ठीक. एक म्हणाला दाबला आणि दुसरा म्हणाला नाही, तर संगणक कोणावरच विश्वास ठेवत नाही आणि क्रूझ बंद करतो. हा त्याचा शहाणपणा आहे. म्हणून क्रूझ लागत नसेल तर “आपल्याला कुठे त्याची गरज” असे म्हणून सोडून देऊ नये. क्रूझ हे चैनीचे यंत्र असेल, पण त्याची तक्रार ब्रेकच्या दिव्याची असू शकते.

घरच्या घरी काय पाहावे?

तिन्हीसांजेला गाडीची पाठ पांढऱ्या भिंतीकडे करून उभी करा. हँडब्रेक ओढा. एकाने पेडल दाबावे, एकाने बाजूला उभे राहून पाहावे.

एकच दिवा लागत नसेल, तर बहुधा बल्ब गेला आहे. एकही लागत नसेल, तर आधी फ्यूज पाहा, मग स्विच. पिकअपला मागे ट्रॉली जोडत असाल, तर ट्रॉलीच्या सॉकेटमध्ये पाणी-चिखल जाऊन शॉर्ट झाले की फ्यूज उडतो. नुसता फ्यूज बदलून भागत नाही.

पाय न लावताच दिवे जळत असतील, तर पायाशी चटईवर प्लॅस्टिकचे तुकडे शोधा. पेडल हाताने वर ओढल्यावर दिवे विझले, तर टिकली फुटली आहे किंवा स्विच जागचा सरकला आहे.

दिवे अगदी बरोबर लागतात, पण क्रूझ लागत नाही, अशा वेळी दोष दुसऱ्या जोडात, त्याच्या वायरीत किंवा आणखी कुठे असू शकतो. हाताच्या गियरच्या गाडीत क्लच पेडललाही असाच स्विच असतो, तोही तपासावा.

आणि आपल्या खेड्यांतला खास शत्रू म्हणजे उंदीर. धान्याच्या कोठीशेजारी गाडी उभी केली की तो वायरीही कुरतडतो. वायर वरून साबूत दिसते, आतली तार अर्धी तुटलेली असते. मग दोष कधी दिसतो, कधी लपतो.

मिस्त्रीला काय सांगावे?

“स्विच बदलून टाका” असे आपणच सांगू नये. पुष्कळदा नवा स्विच बसतो, पैसे जातात आणि रोग तसाच राहतो. आधी मीटर लावून पाहायला सांगा. साध्या स्विचमध्ये दिव्याच्या वायरीवर पेडल सोडलेले असताना वीज नसावी आणि दाबल्यावर बॅटरीइतकी, म्हणजे सुमारे १२ व्होल्ट, दिसावी. दुसऱ्या जोडाचे याच्या उलट. मीटर लावलेला असताना वायर हलवून पाहावी; आकडा उडाला तर दोष वायरीत किंवा प्लगमध्ये. नव्या काही गाड्यांत चुंबकावर चालणारा स्विच असतो, त्याची तपासणी कंपनीच्या पुस्तकाप्रमाणेच करावी लागते.

स्कॅनर लावला तर संगणकात नोंदलेला दोष कळतो. पी ०५७१ हा ब्रेक स्विचच्या सर्किटचा दोष, आणि पी ०५०४ म्हणजे दोन जोडांची साक्ष जुळत नाही. पण हे आकडे फक्त गल्ली सांगतात, घर शोधावे लागते ते मीटरनेच.

डायरेक्ट करू नका

आमच्यापुढेच एक तरुण गिऱ्हाईक म्हणाले, “काका, त्या दोन वायरी जोडून डायरेक्ट करून टाका ना.” मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. “बाप्पा, असं केलं तर क्रूझ चालू असताना तू ब्रेक मारशील आणि इंजिन गाडी पुढं ओढत राहील. त्याचं पाप माह्या डोक्यावर नको.”

समृद्धीवर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगात गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. पुढच्याने ब्रेक मारला हे मागच्याला फक्त लाल दिवा सांगतो. दिवा लागलाच नाही, किंवा तो सतत जळत राहिला, तर मागच्याला दोन्ही सारखेच. हाच न्याय कपाशी भरून रात्री हिंगणघाटच्या बाजाराकडे निघालेल्या ट्रॉलीलाही लागू आहे.

मिस्त्रीने नवी टिकली बसवली, स्विच सारखा केला आणि मीटर लावून दोन्ही जोड तपासले. टिकलीची किंमत चहा-नाश्त्याइतकी. दिवे विझले, दांड्याचे कुलूप परत लागले. परतताना जावईबापूंनी ब्रेक न दाबता बटण दाबून पाहिले. इंजिन सुरू झाले नाही. लेकीने तेव्हा कुठे नातीला मांडीवरून खाली उतरवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पुन्हा निघालो. येळाकेळीच्या पुढे क्रूझ लागले. जावईबापूंचा पाय मात्र सबंध वाटभर ब्रेकच्या जवळच होता.